साळिंदराचे काटे आणि भूर्जाची उलटी बाजू

पहिल्या दिवशी टेबलावर एक मेलेलं साळिंदर होतं. हायवेवर गाडीखाली आलेलं, कुणीतरी उचलून आणलेलं, फ्रीझरमध्ये ठेवलेलं आणि आदल्या रात्री बाहेर काढलेलं. खाली जाड प्लॅस्टिक अंथरलं होतं. आम्ही सहाजणी भोवती उभ्या होतो आणि कुणाचाच हात पुढे होत नव्हता. बाईंनी आधी चिमूटभर तंबाखू त्याच्या शेजारी ठेवली, आपल्या भाषेत दोन वाक्यं हळू आवाजात बोलल्या आणि मग आमच्याकडे वळल्या. "यानं द्यायचं ते दिलं. आता आपण नीट घ्यायचं."

मी मूळची मिरजेची. नऊ वर्षं झाली कॅनडात, नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्सच्या समोर खाडीपलीकडे डार्टमथला राहते. ही सगळी जमीन इथल्या मूळनिवासी मिकमाक लोकांची. लिहिताना मिकमाक लिहिते, पण त्यांच्या तोंडून तो शब्द 'मीग्मा'च्या जवळपास ऐकू येतो आणि आपल्या भूमीला ते मीग्मागी म्हणतात. साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांनी भूर्जाच्या सालीवर नक्षी भरायची त्यांची कला जगात दुसऱ्या कुणाची इतकी नावाजलेली नसेल. ती शिकवणाऱ्या एका मिकमाक कलाकार बाईंनी हिवाळ्यात शनिवारचे वर्ग घेतले, त्यात मला जागा मिळाली. इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. मी मात्र त्यांना मनात पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हणत आले. शिकवणाऱ्याला आम्ही दुसरं काही म्हणत नाही.

काटे काढायचे ते डोक्याकडून शेपटीकडे हात नेत, जसे ते अंगावर लवलेले असतात त्याच दिशेनं. दोन-चार काटे मुळाशी चिमटीत धरायचे आणि सरळ ओढायचे. उलटा हात गेला की काटा आपल्यात घुसतो. माझ्या डाव्या तर्जनीत घुसला आणि मी घाईनं हिसडा मारायला निघाले, तेव्हा बाईंनी मनगट धरलं. "थांब. सरळ रेषेत, एका दमात." काट्याच्या काळ्या टोकावर डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. शेवटच्या ४ मिलिमीटरमध्ये सात-आठशे. २०१२ साली शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा लक्षात आलं की या आकड्यांमुळे काटा आत जायला कमी जोर लागतो आणि बाहेर यायला जास्त. त्या दिवशी माझ्या बोटाला ते शिकवावं लागलं नाही.

इथलं साळिंदर आपल्यासारखं नाही. आपल्याकडचे काटे पेनाएवढे जाड, वीतभर किंवा त्याहून लांब, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि टोकाला आकडे नसलेले. आजीच्या पत्र्याच्या पेटीत तसा एक होता. सीमंतोन्नयनाच्या संस्कारात नवऱ्यानं गर्भार बायकोचा भांग साळिंदराच्या काट्यानं पाडायचा असतो. गृह्यसूत्रांत तीन पांढऱ्या खुणा असलेला काटा सांगितला आहे. आमच्या घरात तो विधी माझ्या आईच्या वेळेपर्यंत संपलेला होता, काटा तेवढा पेटीत राहिला होता. आजी एरवी तो कुणाला हातात घेऊ द्यायची नाही, घरात भांडणं लागतात म्हणायची. इथलं जनावर लहान, झाडावर चढणारं. काटे दोन-तीन इंचांचे, बुडाकडे हस्तिदंती आणि टोकाकडे काळपट. एका अंगावर साधारण ३० हजार. मिकमाक भाषेत त्याचं नाव 'मादुएस'. बाईंना मी आजीच्या पेटीतल्या काट्याबद्दल सांगितलं. त्या पहिल्यांदाच काम थांबवून खुर्चीवर बसल्या आणि मला तो भांग पाडायचा विधी दोनदा सांगायला लावला.

काढलेले काटे भांड्याच्या साबणात तीन-चार पाण्यांतून धुवायचे. अंगावरची चरबी राहिली की रंग धरत नाही. मग निवडणं. तांदूळ निवडल्यासारखं ताटात पसरून पाठीचे जाड, शेपटीचे राठ, कडेचे बारीक असे वेगळे करायचे, त्यातही लांबीनुसार. आमच्यातल्या दोघी याला कंटाळल्या. मला हे काम आवडलं. लहानपणी आईच्या शेजारी बसून ताट हलवत खडे काढलेत, त्यामुळे हाताला ती लय आपोआप सापडली. बाईंचं म्हणणं, ज्यानं निवडण्यात एक दिवस वाचवला त्याला टोचण्यात तीन दिवस जातात. एका ओळीत दोन जाडीचे काटे आले की ओळ तिथे पोट काढते, आणि मग त्यावर उपाय नसतो.

रंगाबद्दल फार सांगत नाही. आज बहुतेक जण बाजारातला कापडाचा रंग वापरतात, आम्हीही तोच वापरला. पाणी खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर काटा मऊ पडून कामातून जातो. एवढं सांभाळलं की झालं. पण जुन्या रंगांची एक गोष्ट सांगायलाच हवी. पिवळा गोल्डथ्रेड नावाच्या रोपट्याच्या सोनेरी मुळ्यांतून यायचा, आणि लाल बेडस्ट्रॉच्या मुळ्यांतून. हे बेडस्ट्रॉ आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातलं आहे. दोन खंडांमधल्या बायकांनी मातीतून लाल रंग शोधताना एकाच कुळाची मुळं उकरली होती, हे मला त्या रंगाच्या पातेल्यासमोर उभं राहून समजलं. १८६० नंतर रासायनिक रंग इथवर पोचले आणि काट्यांची नक्षी भरलेल्या सालीच्या डब्यांवर भडक जांभळे-गुलाबी दिसू लागले. काही संग्राहक त्यांना हिणकस मानतात. मला ते पटत नाही. ज्या बाईला नवा रंग मिळाला आणि तिनं तो दुसऱ्या दिवशी वापरून पाहिला, ती कलाकारच.

मग साल. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा सख्खा भाऊ. ज्याच्या सालीवर काश्मीरपासून पोथ्या लिहिल्या गेल्या त्याच कुळातला, फक्त जात वेगळी. मिकमाक भाषेत या सालीला 'मास्क्वी' म्हणतात. आमच्यासाठी बाईंनी उन्हाळ्यात काढलेली साल वजनाखाली दाबून ठेवली होती. पुढच्या जुलैत मी त्यांच्याबरोबर जंगलात गेले तेव्हा ती कशी निघते ते पाहिलं. उभा एकच छेद, आणि तोही फक्त वरच्या थरापुरता. आतली साल कापली तर झाड मरू शकतं. योग्य दिवस असेल तर छेद देताच साल स्वतःच सुटायला लागते, फट्‌ असा आवाज येतो आणि ती हातात उलगडते. दिवस योग्य नसेल तर ओढायचं नाही, परत यायचं. त्या दिवशी पाच झाडं आम्ही नुसतीच हात लावून सोडली. यासाठी त्यांच्याकडे 'नेदुगुलिम्क' असा शब्द आहे. गरजेपुरतं घ्यायचं आणि पुढच्याला उरेल असं घ्यायचं, असा काहीसा त्याचा अर्थ. पण बाईंनी तो शब्द आम्हाला व्याख्या म्हणून सांगितला नाही. सहाव्या झाडापाशी सुरी पिशवीत ठेवताना तो त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

आता टोचण्याबद्दल. सगळं इथे आहे, म्हणून नीट सांगते.

सालीचा तुकडा, माझा अडीच इंचांचा गोल, कोमट पाण्याच्या फडक्यात थोडा दमट ठेवायचा. त्यावर पेन्सिलनं नक्षीच्या रेषा आखायच्या. आपल्याकडे चपला शिवायला वापरतात तशी, पण फार बारीक आरी घ्यायची आणि रेषेच्या एका टोकाला छिद्र पाडायचं. हे छिद्र काट्यापेक्षा लहान हवं. इथेच सगळे चुकतात, कारण मन म्हणतं की काटा आत जायला छिद्र मोठं हवं. पाण्यात भिजवलेला काटा नरम झालेला असतो. त्याचं टोकदार काळं तोंड वरून छिद्रात घालायचं, मागच्या बाजूनं चिमट्यानं पकडायचं आणि ओढून घ्यायचं. काटा गच्च बसत आत येतो, ओढताना किंचित चुर्र आवाज होतो. तो आवाज आला की छिद्राचं माप बरोबर आहे. मग रेषेच्या दुसऱ्या टोकाला दुसरं छिद्र, काट्याचं उरलेलं शेपूट त्यातून मागे. मागे निघालेली दोन्ही टोकं दुमडून कापायची. काटा वाळला की कडक होतो, सालही वाळताना आवळते, आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. दोरा नाही, गाठ नाही, डिंक नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले डबे आजही तसेच घट्ट आहेत ते एवढ्याच जोरावर.

पुढचा काटा पहिल्याला चिकटून. सालीचा कण दोघांमध्ये दिसता कामा नये. बाईंच्या हाताखाली ओळ रेशमासारखी दिसायची, प्रकाश तिच्यावरून सरकायचा. माझी पहिली ओळ बारा काट्यांची. तिला पावणेदोन तास लागले.

तिसऱ्या शनिवारी माझी साल फाटली. बर्चच्या सालीवर आडव्या बारीक रेघा असतात, झाड त्यातून श्वास घेतं. सालीचा कमकुवतपणा त्याच दिशेनं धावतो. मी चांदणीच्या एका पाकळीची छिद्रं नेमकी त्या रेघेला समांतर, अगदी जवळजवळ पाडत गेले. पोस्टाच्या तिकिटाला असते तशी भोकांची रांग झाली. अठरावा काटा ओढला आणि ती रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडली. तीन आठवड्यांचं काम. मला रडू आवरेना. बाईंनी तो तुकडा हातात घेतला, उलटा केला, खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला. "पुढच्या वेळी आखायच्या आधी साल फिरवून बघ," म्हणाल्या. "छिद्रं एकाच रेघेत टाकायची नाहीत, जराशी वरखाली. वरून कळत नाही. ते मागेच असतं." मग त्यांनी तो फाटका तुकडा टाकला नाही, एका चपट्या डब्यात ठेवला. डब्यात तसे आणखी बरेच तुकडे होते.

त्या डब्यातच त्यांचं शिक्षण झालं होतं, हे मला नंतर कळलं.

ही कला आईकडून मुलीकडे जाणारी. युरोपीय लोक येण्याआधी काटे चामड्याच्या कपड्यांवर चढत. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंचांनी त्या रंगांबद्दल लिहून ठेवलं आहे. पुढे जमीन गेली, शिकार गेली, तेव्हा मिकमाक बायकांनी सालीवरचं हे भरीव काम डब्यांवर, खुर्च्यांच्या बैठकीवर, पत्रे ठेवायच्या पाकिटांवर उतरवलं आणि गोऱ्या लोकांना विकून घर चालवलं. व्हिक्टोरियन दिवाणखाने या डब्यांनी भरले. आज जगभरच्या संग्रहालयांत ते आहेत आणि बहुतेकांखाली पाटी एकच: करणारी व्यक्ती अज्ञात. मग शुबेनाकेडीची निवासी शाळा आली, १९३० ते १९६७. मुलं घरातून नेली, त्यांच्या तोंडून त्यांची भाषा काढून घेतली. आईशेजारी बसून काटे निवडायच्या वयातली मुलं आईपासून दूर होती. एक आख्खी पिढी. हात कसा हलतो हे पुस्तकातून येत नाही, शेजारी बसूनच येतं, आणि शेजारी बसणंच तोडलं गेलं. काही घरांनी तरीही धागा सोडला नाही, म्हणून आज कुणाकडे जाऊन विचारता तरी येतं.

बाईंना घरातून जितकं मिळालं तेवढं मिळालं, बाकी त्यांनी जुन्या कामांतून वाचलं. आणि संग्रहालयातले चांगले डबे यात कामाला येत नाहीत, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी चमकले. चांगल्या डब्याला आतून सालीचंच अस्तर असतं. दुमडलेली टोकं झाकलेली, छिद्रांची चाल दिसत नाही. उपयोगी पडतो तो मोडका डबा. अस्तर निघालेलं झाकण, काटे गळालेली कड. मागून दिसतं की त्या बाईनं कुठून सुरुवात केली, कोणत्या हातानं ओढलं, कुठे काटा संपला आणि दुसरा कसा जोडला. डावखुरी होती का, तेही कळतं. त्यांनी एका फाटक्या झाकणाच्या मागच्या बाजूचे तासन्‌तास फोटो काढले होते. वर्गात आम्हाला नक्षीचे फोटो त्यांनी फारसे दाखवलेच नाहीत. सगळे फोटो पाठीचे.

माझी आई कसुतीचं भरतकाम करायची. सीमेलगतच्या आमच्या भागात ते कर्नाटकातून आलेलं. दुसऱ्या बाईची साडी कौतुकानं हातात घ्यायची आणि पहिल्यांदा पदर उलटा करायची. कसुतीत मागेही गाठ दिसत नाही, काही टाक्यांत तर दोन्ही बाजू सारख्या. उलटी बाजू पाहिल्याशिवाय ती कुणाला 'छान' म्हणाली नाही.

ज्यांचं नाव टिकलं अशांपैकी एक म्हणजे मेरी क्रिस्टिआन पॉल मॉरिस. एकोणिसाव्या शतकातली हॅलिफॅक्सची नामांकित कारागीर. त्यांनी १८६८ च्या सुमारास काट्यांची नक्षी भरून केलेला एक पाळणा ब्रिजवॉटर गावातल्या डेस्ब्रिसे संग्रहालयाच्या संग्रहात आहे. एका रविवारी तेवढ्यासाठी तासाभराच्या वाटेवर गाडी घेऊन गेले. मी अडीच इंचांच्या गोलावर अडखळत होते, आणि इथे अख्खा पाळणा. आजीच्या पेटीतला काटा गर्भार बाईच्या भांगासाठी, हे काटे तान्ह्या बाळाच्या कुशीसाठी. त्या दिवशी परत येताना मी गाडीत काही ऐकलं नाही.

आज हे काम करणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या, म्हणजे त्यांच्या भाषेतल्या एबेगविटच्या, मेलिसा पीटर-पॉल सालीवरच काम करतात. न्यूफाउंडलंडचे जॉर्डन बेनेट यांनी काट्यांच्या जुन्या नक्षी रंगात उतरवून भिंतीएवढ्या केल्या. काही जुन्या वळणाच्या लोकांना रंगातली नक्षी ही नक्षीच वाटत नाही. मला वाटतं, ज्या आकृत्या काचेमागे निनावी पडून होत्या त्या शहराच्या भिंतीवर आल्या, तर चालणाऱ्या मिकमाक मुलाला त्या आपल्या म्हणून दिसतात. पण काटा तो काटा, हेही मी आता बोटांनी जाणते.

आठ टोकांची चांदणी ही त्यांची सगळ्यात ओळखीची आकृती. बेडफर्डला, हॅलिफॅक्सच्या उपनगरात, खडकावर ती कोरलेली आहे. तिचे अर्थ अनेक सांगतात. बाईंनी सांगितलेला एक असा: सात टोकं मीग्मागीच्या सात पारंपरिक प्रदेशांची, आणि आठवं इंग्रजांच्या राजाचं, अठराव्या शतकात झालेल्या मैत्रीच्या करारांची आठवण. १७२५ पासून १७६१ पर्यंत झालेल्या त्या करारांत त्यांनी जमीन विकली नव्हती, हे त्या शांतपणे म्हणाल्या आणि पुढच्या काट्याकडे वळल्या. आठवं टोक ज्यांच्यासाठी ठेवलं त्यांच्या वतीनं आज मीही इथे राहते. नागरिकत्वाची शपथ घेताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ग सुरू होताना बाईंनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. शिका, करा, घरात लावा, मुलांना दाखवा. विकायचं नाही. ज्याला विकत घ्यायचं असेल त्याला मिकमाक कलाकाराकडे पाठवा. मला यात काही अवघड वाटलं नाही. या कलेनं दोनशे वर्षं त्यांच्या घरात पीठ आणलं, ती मिळकत त्यांचीच. माझ्या कामाला कुणी किंमत विचारली तर मी बाईंचा पत्ता देते.

दुसरी साल मी फिरवून पाहिली, रेघा तिरप्या येतील अशी धरली. मध्यापासून सुरुवात, पांढरी पाकळी, मग लाल, मग पांढरी. छिद्रं जराशी वरखाली. चौथ्या पाकळीपर्यंत चुर्र आवाज दर वेळी येऊ लागला. बोटांच्या पेरांना साल आणि काटा यातला ओलावा कळू लागला, कधी थांबायचं, कधी पुन्हा भिजवायचं. मार्चच्या शेवटच्या शनिवारी शेवटचा काटा बसला. एकूण १४४. मी मोजत होते.

अस्तरासाठी मी पातळ सालीचा गोल कापून आणला होता. बाईंनी माझं काम हातात घेतलं, पुढून एकदा पाहिलं आणि उलटं केलं. खिडकीपाशी नेलं. मागच्या बाजूला दुमडलेल्या टोकांचं दाट रान झालं होतं, काही सरळ, काही वाकडी, सुरुवातीच्या पाकळीत दोन ठिकाणी मी घाईत जास्त कापलेली. त्या बोटानं एकेक ओळ चाचपत गेल्या. एका जागी थांबल्या. "इथं तुझा हात बदलला," म्हणाल्या. खरं होतं. तिथे मी चिमटा डाव्या हातात घेऊन पाहिला होता.

"अस्तर आता लावू का?" मी विचारलं.

"राहू दे थोडे दिवस. पुढच्या वर्गाला लागेल."

त्यांनी तो चपटा डबा उघडला आणि माझी चांदणी फाटक्या तुकड्यांशेजारी ठेवली, पाठ वर करून.